पायाळू यंत्र

ठाणे जिल्ह्यातल्या गावांत कुणी परका माणूस यंत्र घेऊन शेतात उभा दिसला की लोक त्याच्याबद्दल दोनच तर्क करतात. एकतर हा मोजणीवाला, नाहीतर गुप्तधनवाला. तिसरं काही कुणाच्या मनात येत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

मोजणीवाल्याची धास्ती पिढ्यांची आहे. तानसा धरण झालं, भातसा झालं, बारवी झालं. पाणी मुंबईला आणि कारखान्यांना गेलं, पाण्याखाली गेली ती जमीन इथली. अलीकडे समृद्धी महामार्ग शहापूर ओलांडून भिवंडीजवळ आमण्यापर्यंत आला. कल्याण-मुरबाड रेल्वेचं नाव ऐकता ऐकता एक पिढी म्हातारी झाली. डोक्यावर टोपी, हातात यंत्र आणि कुणाशी न बोलता बांधावरून चालणं, एवढं दिसलं की पुढे सातबारावर काहीतरी चढतं किंवा उतरतं, हे इथं पाठ झालेलं आहे.

गुप्तधनवाल्याचं वेगळं. त्याची भीती वाटते आणि त्याच्याभोवती गर्दीही जमते. पायाकडून जन्मलेला माणूस पायाळू, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचे हंडे दिसतात, हे मलाही लहानपणी आजीनं सांगितलं होतं. हंड्यावर नाग असतो आणि तो मागेल ते द्यावं लागतं. हे ‘मागेल ते’ प्रकरण माणसांनी इतकं पुढे नेलं की २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला.

अशा मुलखात मी मेटल डिटेक्टर घेऊन हिंडतो. हौस म्हणून.

यंत्र मावसभावाचं. तो इंग्लंडात असतो आणि सुट्टीच्या दिवशी नांगरलेल्या शेतांतून कानाला हेडफोन लावून फिरतो. तिकडे हे छंद म्हणून रुळलेलं आहे. शेतमालकाची परवानगी लागते, संरक्षित जागेत पाय ठेवायचा नाही, सोन्याचांदीचं जुनं काही निघालं तर १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे कळवायचं. बाकी किरकोळ वस्तू, म्हणजे बक्कल, बटण, एखादं रोमन नाणं, १९९७पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये आपखुशीनं नोंदवता येतात. दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद अशी झाली आहे. भावानं नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं मला दिलं. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात माझं आयुष्य इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेलं, म्हणून त्याला वाटलं मला ते जमेल. कन्व्हेयरवरून डबा गेला की नाही हे सांगणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर मी शेकड्यांनी बसवले आणि बदलले आहेत. डिटेक्टर त्यांचाच दूरचा भाऊ.

यंत्राच्या टोकाला जमिनीवरून फिरवायची तबकडी असते, तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, वाटेत धातू असला तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते स्वतःचं दुबळं क्षेत्र तयार करतात. दुसरं वेटोळं ते ऐकतं. मूळ लाट आणि ही परतलेली लाट यांच्यात किती अंतर पडलं यावरून यंत्र अंदाज बांधतं: लोखंड असेल तर घोगरा आवाज, तांबं-चांदी असेल तर किणकिणता. एखादं नाणं वीतभर खोलीपर्यंत कळलं तरी नशीब म्हणायचं. जाहिरातींत जे मीटर-दोन मीटरचे आकडे देतात, ते मोठ्या हंड्यापुरते सोडून द्यावेत, आणि हंड्यांचंही सोडूनच द्यावं.

आपल्याकडे गोची जमिनीचीच आहे. इंग्लंडातलं यंत्र तिकडच्या मातीला सरावलेलं. आपली माती काळ्या पाषाणाची, बेसॉल्ट झिजून झालेली. त्यात मॅग्नेटाइटचे कण ठासून भरलेले, त्यामुळे यंत्राला जमीन हाच एक प्रचंड मोठा लोखंडाचा तुकडा वाटतो. म्हणून सुरुवातीला तबकडी जमिनीजवळ वरखाली, वरखाली करत त्याला ‘ही माती आहे, हिच्याकडे दुर्लक्ष कर’ असं शिकवावं लागतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं मी भुईला ओवाळतोय. गुप्तधनवाल्याचा संशय पक्का व्हायला एवढं पुरतं.

त्यातही राब भाजलेली जागा म्हणजे कहर. इकडे भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा, गवत, शेण पसरून जमीन भाजतात. वर्षानुवर्षं त्याच तुकड्यावर. भाजलेल्या मातीतलं लोह आणखी चुंबकीय होतं, आणि तिथं तबकडी नेली की यंत्र नुसतं बरळत सुटतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी खूश झालो होतो, पण तिथल्या आजींनी लांबूनच ओरडून सांगितलं, “तो राब हाय. तिथं काय गावायचं नाय.” यंत्राला जे कळायला अर्धा तास लागला असता ते त्यांना ठाऊकच होतं.

या आजी मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला राहतात. माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या नात्यातल्या. मला तो भाग हवा होता तो नाणेघाटामुळे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल मुरबाडवरून वैशाखऱ्याला यायचा आणि घाट चढून जुन्नरला जायचा. वर सातवाहनांची लेणी, नागनिकेचा लेख, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. दोन हजार वर्षं ज्या वाटेनं लमाणांचे तांडे आणि ओझ्याचे बैल गेले, त्या वाटेच्या कडेला कुणाच्या तरी कमरेची गाठ सुटलीच असेल, असा माझा हिशेब. लेण्यांजवळ, घाटात, किल्ल्याच्या किंवा देवळाच्या आवारात यंत्र बाहेर काढायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तिथं कायदा आड येतो आणि आला नसता तरी काढलं नसतं. शेतात, मालकाला विचारून, भातकापणी झाल्यावर, आणि नांगर जातो तेवढ्याच खोलीपर्यंत. नांगरानं ती माती दरसाल उलटीपालटी केलेलीच असते. तिथं एखादी वस्तू उचलली तर तिचं मूळ ठिकाण मी मोडत नाही, ते आधीच मोडलेलं असतं. त्याखालचा थर मात्र जसाच्या तसा असू शकतो, आणि तो ज्यांनी शिकून घेतलंय त्यांनीच उघडावा.

परवानगी मागणं हा या छंदातला सर्वांत लांबलेला आणि माझ्या मते सर्वांत चांगला भाग. इंग्लंडात भाऊ जुने नकाशे बघून शेत निवडतो. इथं नकाशा म्हणजे माणसं. “आजी, इथं पूर्वी काय होतं?” एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. नदीचा उतार कुठं होता, बैल कुठं सोडायचे, कोणत्या वर्षी पूर आला आणि बांध सरकला, कोणाचं घर होतं जे आता नाही. चहा होतो. मग पुन्हा चहा होतो. ‘तू कोणाचा’ याचा उलगडा करताना माझी सगळी नातीगोती निघतात. यंत्र तोवर ओटीवर पडलेलं असतं आणि घरातली पोरं त्यावर आईच्या बांगड्या वाजवून बघत असतात.

आता सापडतं काय, ते. गुटख्याच्या पुड्यांची चांदी. बाटल्यांची बुचं, कोणत्या बांधावर बसून लोक पितात याचा यंत्राला चोख पत्ता लागतो. खिळे, तारा, विळ्याचं मोडकं पातं, नांगराच्या फाळाचं टोक. बैलाच्या नाला, घोड्याच्या नालेपेक्षा निराळ्या, कारण बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एकेका खुराला दोन चपट्या चंद्रकोरी. एकदा गळ्याच्या माळेतलं घुंगरू निघालं, आत खडा तसाच, माती झटकल्यावर वाजलंही. आणि एक भोकाचा पैसा, १९४४चा.

भोकाचा पैसा काही दुर्मीळ नाही. महायुद्धात धातूची टंचाई होती म्हणून १९४३ ते १९४७ या काळात मधोमध भोक पाडलेले पैसे काढले. मी तो धुऊन आजींच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, बोटानं भोक चाचपलं आणि म्हणाल्या, “हे पोरांच्या करगोट्यात ओवायचे.” मग सापडला कुठं ते विचारलं. मी दाखवलं. “तिथं खळं होतं आमचं.” आता तिथं कसलंही खळं नाही, सपाट खाचर आहे. पण झोडणी चालायची तेव्हा सगळा गाव तिथं असायचा, बायका पोरांना खळ्याच्या कडेला झोपवायच्या, वासुदेव यायचा, बांगड्या विकणारी यायची. करगोटा तुटून पैसा पडायला त्याहून चांगली जागा नसेल. यंत्रानं मला फक्त ‘तांब्यासारखं काहीतरी’ एवढंच सांगितलं होतं. खळं, पोर, करगोटा हे सगळं आजींकडून आलं. मी तो पैसा खिशात घालून ठाण्याला आणला असता तर माझ्याकडे एक पैसा असता, बस्स. तो त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.

हा ‘कुठं’चा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, त्याला कारण आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,०००हून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या दोनतृतीयांशाहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा आपला ठसा मारलेला. एकाच्या तोंडावर दुसऱ्याचा शिक्का. नहपानाचा पराभव गौतमीपुत्रानं केला, हे त्या ढिगानं जितकं ठणकावून सांगितलं तितकं कुठल्या एका नाण्यानं सांगितलं नसतं. ढीग ज्यांना सापडला त्यांनी तो मूठमूठ करून सराफांकडे विकला असता, तर चांदीचा भाव आला असता आणि महाराष्ट्राच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं. याच्या उलटं दायमाबादचं. प्रवरेकाठी १९७४ साली झाडाच्या बुंध्याशी खणताना एका गावकऱ्याला काशाची चार शिल्पं मिळाली: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा. साठ किलोंहून जास्त वजन. असं दुसरं काही महाराष्ट्रात मिळालेलं नाही. पण ती शास्त्रीय उत्खननाच्या थरात सापडली नाहीत, म्हणून त्यांचा काळ नेमका कोणता यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. त्या माणसाची त्यात काहीच चूक नव्हती, तो झाड काढत होता. मी मात्र झाड काढत नसतो.

आणि थर समजून उघडलं की काय होतं ते बघायला फार लांब जावं लागत नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यातच होता. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा, मग सोन्याचा. सोबत बुद्धमूर्ती, सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. कशात काय होतं हे त्यांनी क्रमानं लिहून ठेवलं म्हणून ते नाणं स्तूपाच्या काळाबद्दल बोलू शकलं. बाजारात ते फक्त जुनं नाणं ठरलं असतं.

खुद्द ठाण्याच्या पोटातही असंच काय काय आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट निघाले, शके ९३९चे, म्हणजे इसवी सन १०१७चे. कोलकात्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्यांचं भाषांतर छापलं गेलं. श्रीस्थानक म्हणजेच आपलं ठाणं, हे त्यांतून जगाला समजलं. तीन जाड पत्रे तांब्याचे. माझं यंत्र त्यांवर नेलं असतं तर कानठळ्या बसल्या असत्या. पण किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. तिथं यंत्र घेऊन शिरायचा प्रयत्न केला तर यंत्र वाजेल की नाही सांगता येत नाही, मी मात्र नक्की आत जाईन.

नवी मुंबईत यंत्र चालवणं हा निराळाच विनोद आहे. १९७० साली सिडको आली, ९५ गावांची जमीन घेतली, भातखाचरं आणि मिठागरं भरावाखाली गेली. भराव कुठून आला? डोंगर कापून. विमानतळासाठी उलव्याची आख्खी टेकडी उतरवून तिचाच दगड-मुरूम खाली पसरला. आमच्या ऐरोलीतल्या एका मैदानात यंत्र खणखणून वाजलं आणि हातभर खाली एक जुनी पितळी कडी निघाली. पण ती तिथली नव्हती. ती कुठल्यातरी पाडलेल्या घराच्या डेब्रिजमधून डंपरनं आणलेली. खाली कुठंतरी खरी जमीन आहे, आगरी-कोळ्यांच्या कितीतरी पिढ्यांची, तिचे हिशेब मोबदल्यात द्यायच्या साडेबारा टक्के भूखंडांच्या फायलींत अजून मिटलेले नाहीत. यंत्राची लाट तिथवर पोचतच नाही. खाडीच्या कडेच्या चिखलात तर खारट पाणीच वीज वाहून नेतं, तिथं माझं जुनं यंत्र रिकाम्या जागीसुद्धा धातू धातू म्हणून ओरडतं. त्यामुळे खाडीकाठी मी फ्लेमिंगो बघायला जातो, यंत्र घरी ठेवून.

शिवाय या भागातला सर्वांत बोलका इतिहास वाजतच नाही. उत्तर कोकणात शेतांच्या कडेला, गावदेवीच्या ओट्याशी शिलाहारांच्या काळातले गधेगाळ उभे असतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवाचं चित्र, म्हणजे दान दिलेल्या जमिनीला हात लावणाऱ्याला दिलेली खणखणीत शिवी. जमिनीच्या भानगडीचा हजार वर्षांपूर्वीचा कागद. दगडाचा. त्यावरून तबकडी शंभरदा फिरवली तरी यंत्र गप्प. आणि कुणीतरी त्याला ऑइलपेंट फासून देव केलेलं असतं, तेव्हा लेखाची अक्षरं बुजतात. यंत्रवाल्यांनी घामाघूम होऊन बिल्ले-बुचं खणण्यापेक्षा अशा दगडांचे फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवले तर फार काम होईल, असं माझं आता स्पष्ट मत आहे. पण त्यात हेडफोन लावायची मजा नाही.

कायद्याचं सांगायचं राहिलं. भारतात जमिनीत सापडलेल्या धनाला १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. राणीच्या काळातला, अजून तसाच. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की काय सापडलं, कुठं, कधी, किती मोलाचं, हे कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. १८७८चे दहा रुपये म्हणजे मोठी रक्कम. आज दहा रुपयांत ठाण्यात वडापावही येत नाही, पण आकडा बदललेला नाही. धनाला कुणी मालक निघाला नाही आणि सापडवणारा नि जमीनमालक यांच्यात काही ठरलेलं नसलं, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि उरलेलं जमीनमालकाला. सरकारला हवं असेल तर मालाच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ते घेतं. शिवाय १९७२चा पुरावशेषांचा कायदा आहेच, शंभर वर्षांपलीकडची वस्तू त्याच्या कक्षेत येते.

हे सगळं मी आजींना ओटीवर बसून समजावून सांगितलं. पहिल्यांदा परवानगी मागतानाच सांगायला पाहिजे, असा माझा नियम आहे. तीन चतुर्थांश ऐकल्यावर त्या सुनेकडे वळल्या, “आगं, म्हणजे बारा आणे याचे नि चार आणे आपले.” दोघी पोटभर हसल्या. मी घाईनं म्हटलं की आपण आधीच लिहून ठेवू, सगळं तुमचं. त्यांना त्यात काही रस दिसला नाही.

नातवाला होता. नातू मुरबाडला कॉलेजात जातो. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असा व्हिडिओ त्याच्याकडे होता आणि भोकाच्या पैशाचा फोटो त्यानं कुठंतरी पाठवलाही होता. मी त्याला सांगितलं की असे पैसे किलोंनी मिळतात. त्याचा विश्वास बसला नाही. मग त्यानंच चिंचेचा विषय काढला. घरामागच्या चिंचेखाली पणजोबांनी तांब्याभर रुपये पुरलेत, राणीछाप, असं घरात पहिल्यापासून बोलतात. यंत्र आहे, माणूस आहे, चिंच दहा पावलांवर आहे. तांब्यात भरलेली चांदी, म्हणजे माझ्या यंत्रालाही न चुकता कळणारी गोष्ट. मलाही हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू.

आजी उठून उभ्या राहिल्या. “तिकडं फिरवायचं नाय ते.”

नातू म्हणाला, “आजी, नुसतं बघू. खणायचं नाही.”

“बघितलं की खणशील. निघालं तर तुझ्या बापात नि चुलत्यांत वाटणी. आज चौघं एका चुलीवर जेवतात ते सुखानं जेवू दे. नि नाय निघालं तर माझा सासरा खोटा.” मग माझ्याकडे बघून, “तू पाहुणा हायेस बाबा. तुला काय त्याचं?”

यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं आणि नातवालाही सुचलं नाही. आजी पदर खोचून विहिरीकडे निघाल्या होत्या. पंप बसवायला आलेल्या माणसाचा मोठा पाना परवा तिथं गवतात पडला होता आणि तो रोज फोन करून डोकं खात होता. “चल, तो काढून दे आधी,” त्या म्हणाल्या, “तीनशेचा हाय म्हणतो.”